जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रे

यंदा आखाजीला गावी गेलो असता एक सोयरीक मोडल्याचे कानावर आले. मुलगी शिकलेली, घर खाऊनपिऊन सुखी; परंतु तिच्या वडिलांना ‘सीएमएल’ हा रक्ताचा कर्करोग असल्याचे कळताच धरणगावकडच्या मंडळींनी ‘रक्तातच खोट आहे’ असे म्हणून बोलणी थांबवली. वडील गेली सात वर्षे रोज गोळी घेऊन केळीची बाग सांभाळत आहेत, याचा कोणी विचार केला नाही. या आजारात गुणसूत्रात दोष असतो हे खरे, आणि गुणसूत्रे आईवडिलांकडून मिळतात हेही खरे. मात्र या दोन गोष्टी जोडून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

या आजारातला गुणसूत्रांचा घोटाळा उलगडला तो जॅनेट राउली (१९२५–२०१३) या शिकागोच्या डॉक्टरबाईंनी. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांची निवड झाली खरी, पण ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींसाठी ३ जागा होत्या आणि त्या भरलेल्या असल्यामुळे त्यांना नऊ महिने थांबावे लागले. १९४८ साली पदवी मिळाली, दुसऱ्याच दिवशी लग्न झाले, पुढे चार मुलगे झाले, आणि कित्येक वर्षे त्यांनी आठवड्यातून तीनच दिवस काम केले. बागकामाची त्यांना अतोनात आवड होती आणि विद्यापीठात त्या सायकलने जात. डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असण्याचा विकार, असलेल्या मुलांच्या दवाखान्यात काम करताना त्यांना गुणसूत्रांची गोडी लागली.

सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत पुढे २२ क्रमांकाचे ठरलेले एक गुणसूत्र आखूड दिसते, हे फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्येच दाखवले होते. त्याचा तुकडा गळून पडला असावा, असा तेव्हा समज होता. राउली ऑक्सफर्डला एक नवी रंगपद्धती शिकून आल्या. तिच्यामुळे अतिनील प्रकाशात प्रत्येक गुणसूत्रावर उजळ आणि फिकट पट्टे दिसत. त्या सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रे घरी आणत, जेवणाच्या टेबलावर पसरत आणि कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते, असे म्हणून मुले त्यांची थट्टा करीत. अशाच एका बैठकीत २२ आखूड असलेल्या पेशींत ९ क्रमांकाचे एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लांब असल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. तुकडा हरवलेला नव्हता, तो दुसरीकडे जोडला गेला होता.

भुसावळच्या यार्डात शंटिंग पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. दोन गाड्यांचे शेवटचे डबे सोडवून एकमेकींना जोडावेत, तसे ९ आणि २२ यांच्या टोकांची अदलाबदल होते. २२ मोठा तुकडा देऊन लहान तुकडा घेते, म्हणून ते आखूड होते. मात्र दोन्हीकडे तोड ऐन एकेका जनुकाच्या आतच पडते. ९ वरील ‘एबीएल’चा मोठा भाग २२ वरील ‘बीसीआर’च्या मागे येतो आणि दोहोंचे मिळून एकच प्रथिन तयार होते. एबीएल हे कायनेज आहे, म्हणजे एटीपी या पेशीतील ऊर्जा वाहणाऱ्या रेणूतील फॉस्फेट काढून ते दुसऱ्या प्रथिनातील टायरोसिन या घटकाला चिकटवते, आणि तो पेशीला वाढण्याचा इशारा ठरतो. एरवी एबीएलचे पुढचे टोक त्याच्याच अंगावर दुमडून त्याला आवरून धरते. जोडाजोडीत हे टोक निघून जाते. शिवाय बीसीआरचे टोक अशा रेणूंना एकमेकांत गुंतवते आणि ते परस्परांना फॉस्फेट लावून सतत जागे राहतात. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चिकटून बसावा, तशी ही गत आहे. एटीपी ज्या खोबणीत बसतो, तीच अडवून धरणारे ‘इमॅटिनिब’ हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. भारतात त्याच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, म्हणून येथे स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. काहींच्या बाबतीत खोबणीचाच आकार बदलतो आणि औषध बदलावे लागते; ‘कर्करोगावर अखेर विजय’ छापाच्या बातम्यांत हे कधी येत नाही.

आता सोयरिकीकडे येतो. ही अदलाबदल जन्मानंतर अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीत घडते, आणि टिश्यूकल्चरची सगळी रोपे एकाच मातृवृक्षाची असतात तशी पुढची सगळी रोगट पेशींची फौज तिचीच प्रजा असते. त्याच रुग्णाच्या त्वचेच्या पेशी तपासल्या तर ९ आणि २२ जागच्या जागी सापडतात. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकालाच हा आजार झाल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत. मुलांना वारसा मिळतो तो शुक्रपेशी आणि अंडपेशी यांतून, मज्जेतून नव्हे.

या आजारात प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पानथरी, वाढून पोट जड होते. पूर्वी त्यावर डागण्या देत. हल्ली गुळवेल आणि गव्हांकुराचा रस देतात. डागणीने कातडी भाजते, रसाने निदानाचे महिने वाया जातात, आणि ते कायनेज दोहोंनाही दाद देत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी नेहमीच्या ४,००० ते ११,००० ऐवजी लाखाच्या घरात दिसल्या, तर गाठायचे असते ते रक्तविकारतज्ज्ञाला.

त्या मुलीचे मामा माझ्याकडे आले होते. तिचीही बीसीआर-एबीएल तपासणी करून कागद समोरच्यांना दाखवावा काय, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. तिच्यात काही लक्षण नसताना केवळ वडिलांमुळे ती तपासणी करण्याचे वैद्यकीय कारणच नाही.