कलदार रुपया आणि पडता काळ: जुनी नाणी घ्यायची का, या प्रश्नामागची पार्श्वभूमी

सोयाबीन विकल्याची पट्टी हातात आली की आमच्या घरी दरवर्षी एकच विषय निघतो, देणी फिटल्यावर जे उरलं त्याचं काय करायचं. यावेळी पुतण्यानं नवीनच काढलं. म्हणाला, "काकाजी, सोनं तर आता हात लावू देत नाही, मंग जुने चांदीचे शिक्के घेऊन ठेवू काय? मोबाईलवर पाह्यलं मी, लोकं एकेका शिक्क्याचे हजारो रुपये देऊन राह्यले." मी लगेच हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. कारण काळ पडता दिसला की चांदीच्या रुपयाकडं बघायचं हे आपल्या वऱ्हाडात काही आजचं नाही, आज्या-पणज्यापासून चालत आलंय, आणि तेव्हा प्रत्येक वेळी नेमकं काय झालं ते माहीत असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या इकडची म्हातारी माणसं चांदीच्या रुपयाला कलदार म्हणायची. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. त्याच्या आधी हातानं ठोकलेली नाणी चालायची, नागपूरकर भोसल्यांचा रुपया वेगळा, वऱ्हाडात निजामाचा अंमल म्हणून तिकडचा वेगळा, आणि एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ त्यावर बट्टा कापून घ्यायचा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, वजन १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशोबात ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, आणि हळूहळू हा रुपया आपल्या बाजारात पक्का बसला. तो नुसता पैसा नव्हता, वजनमाप पण होता. रुपयाभार हा शब्द त्यातूनच आला, ऐंशी रुपये पारड्यात टाकले की पक्का शेर. म्हणजे रुपया मोजायचा तसाच तोलायचा, ही सवय तेव्हापासून लागली आणि पुढं तिनंच आपल्या लोकांना तारलं पण आणि बुडवलं पण.

मग आली कापसाची तेजी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंगणघाट, खामगाव, अमरावती या नावांना एकदम भाव आला. त्या चार वर्षांत देशात चांदी ओतली गेली, कारण कापसाचे पैसे चांदीतच यायचे, आणि शेतकऱ्याच्या हातात कलदार रुपया पहिल्यांदा एवढा खुळखुळला. बँक नव्हती, मग तो रुपया जायचा कुठं, तर ढोलीच्या तळाशी, चुलीमागच्या भिंतीत, बायकांच्या गळ्यात. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव जो कोसळला तो कोसळलाच. ज्यानं तेजीत जमीन आणि बैल उधारीवर वाढवले तो सावकाराकडं गेला, ज्याच्याकडं रुपये पुरलेले होते तो तगला. चांदी वाईट वेळेला कामी येते हा विश्वास आपल्याकडं असा मुरत गेला.

पण यानंतरची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८९३ पर्यंत कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्या वर्षी सरकारनं ते बंद केलं, कारण जगात चांदीचा भाव घसरत चालला होता आणि त्याबरोबर रुपयाही घसरत होता. झालं काय, तर रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपेक्षा जास्त झाली आणि घरातली चांदी नुसती चांदी उरली. तीन वर्षांनी, १८९६-९७ ला दुष्काळ आला, मग १८९९-१९०० ला, म्हणजे संवत १९५६ ला, छप्पन्नचा दुष्काळ, आणि दोन्ही वेळा वऱ्हाड-नागपूर भाग पार होरपळला. माणसं वाळे, गोट, साखळ्या घेऊन विकायला निघाली तेव्हा तोळाभर चांदीचा रुपया येईना. आजीच्या आजीनं रुपये मोडून बनवलेला दागिना परत रुपये देईना. तुम्हीच विचार करा, जी वस्तू अडीअडचणीसाठी म्हणून जपली तिचा भाव नेमका अडचणीच्या वर्षीच पडलेला, वरून सगळं गाव एकाच वेळी विकायला बसलेलं.

पुढच्या वीस वर्षांत चाक उलटं फिरलं. पहिल्या महायुद्धात चांदी एवढी महागली की १९१७ मध्ये रुपयातली चांदीच रुपयापेक्षा जास्त किमतीची झाली, लोक रुपये वितळवू लागले, सरकारला त्यावर बंदी आणावी लागली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या साठ्यातली वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थान सरकारला विकली. १९१८, १९१९, १९२० या सालांचे पंचम जॉर्जचे रुपये आज घराघरात सापडतात, ते यामुळेच, तेव्हा ते पाडलेच अतोनात.

नंतर १९२९ ची जागतिक मंदी आली, कापूस मातीमोल झाला, आणि १९३१ नंतर देशभरातल्या शेतकऱ्यांच्या घरातलं सोनं विकलं जाऊन बोटीनं विलायतेला गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्याची बातमी आली तशी लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला गर्दी केली, शेवटी गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हाच गुन्हा ठरवला गेला. त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४३ पर्यंत जुने अकरा भाग चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून बाद केले, आणि १९४७ च्या रुपयात चांदी औषधालाही राहिली नाही, नुसतं निकेल. म्हणजे कलदार तेव्हापासून पैसा म्हणून मेला आणि धातू म्हणून जिवंत राहिला.

आमच्या आजीकडं असे चाळीस कलदार होते, लाल फडक्यात बांधून ढोलीत ज्वारीखाली ठेवलेले. ७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले पण बैल जगवायचे होते, म्हणून आजी बाबांना सोबत घेऊन तालुक्याला सराफाकडं गेली. बाबा नेहमी सांगायचे की सराफानं एकेक रुपया फरशीवर टाकून वाजवला, आवाज बरोबर आला की पारड्यात, कानावर खोटा वाटला की बाजूला. तेहतीस रुपये एकदम तोलले, घट धरली, पैसे दिले. साल त्यानं एकाचंही बघितलं नाही. राणीचा मुखवटा आहे की राजाचा, नाणं घासलेलं आहे की टांकसाळीतून आल्यासारखं कोरं, काही नाही. त्या तेहतीसमध्ये काय होतं ते आता कधीच कळणार नाही, पण माझ्यासाठी सगळा मुद्दा त्या पारड्यात आहे. नाण्याला तीन किमती असतात, एक त्याच्यावर छापलेली, एक धातूची आणि एक हौसेची. गावात, पडत्या काळात, गरजवंताच्या हातात धातूचीच किंमत पडते. हौसेची किंमत द्यायला हौशी माणूस लागतो, तो नागपूर-पुण्या-मुंबईला बसलेला असतो, आणि काळ वाईट आला की तोही आधी हौसच आवरती घेतो.

हौसेच्या किमतीचा हिशोबही वेगळाच असतो, तो समजून घ्यायला पाहिजे. पहिला गैरसमज म्हणजे जितकं जुनं तितकं महाग. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया घ्या, दीडशे वर्षांच्या वरचा आहे, पण १८६२ हेच साल टाकून ते रुपये १८७४ पर्यंत पाडत राहिले, त्यामुळं ते ढिगानं आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याच्यापेक्षा कितीतरी नवा, पण दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच त्याची नक्कल पण बाजारात भरपूर. दुसरी गोष्ट अवस्थेची. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बायका रुपये काढून चिंच नाहीतर राख लावून चकचकीत घासतात, पिढ्यान्‌पिढ्या घासलेत, राणीच्या डोक्यावरचे केस पार सपाट झालेत. माळेत ओवायला कडी डाकलेली असते, ती काढली तरी डाग राहतो. हौशी माणूस असं नाणं हातात घेतो आणि चांदीच्या भावात मागतो, आणि तो काही फसवत नसतो.

चांदीचा भाव काढायला काही अवघड नाही. जुन्या कलदारात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्यात ५.८ ग्रॅम. किलोला एक लाख भाव धरला तर जुन्यात एक हजार सत्तर रुपयांची चांदी, नव्यात पाचशे ऐंशीची. यावर जो जे मागतो ते सगळं हौसेचं, असं समजून चालायचं.

मग सरकारी स्मारक नाणी. स्वतंत्र भारतात ती १९६४ ला नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली, १९६९ ला गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, ते आजही बऱ्याच मास्तरांच्या घरी देव्हाऱ्यात दिसतं. पुढं शंभर रुपयांची, २०१० ला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं हजार रुपयांचं पण आलं. यातली मोठ्या किमतीची बरीच नाणी ३५ ग्रॅमची असायची आणि त्यात कित्येकदा चांदी निम्मीच, आणि टांकसाळ ती विकते ती छापील किमतीला नाही, वेगळ्या दरानं. आवड म्हणून, नातवाला द्यायला म्हणून अवश्य घ्यावं, सुंदर असतात. पण खतासाठी ठेवलेला पैसा त्यात घालून पेरणीच्या तोंडावर विकायला गेलं तर सराफ पुन्हा पारडंच पुढं करणार. बँकेतलं सोन्याचं नाणं पण तसंच, बँक विकते, परत घेत नाही, हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं.

आता जे मोबाईलवर येतं त्याबद्दल, कारण पुतण्याचा प्रश्न तिथूनच आला. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ फिरतात. ते वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, चलनातलं साधं नाणं आहे. आमच्याच गावातल्या एका पोरानं तसा फोटो पाठवला, समोरच्यानं आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग टॅक्सचे, मग अजून कशाचे, पोराचे कापूस वेचणीला ठेवलेले पैसे गेले आणि तो महिनाभर घरात कोणाशी बोलला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही, आम्ही कसलंही कमिशन मागत नाही, आमच्या नावानं कोणी मागितलं तर देऊ नका. हे दर बाजाराच्या दिवशी लाऊडस्पीकरवर सांगायला पाहिजे.

त्याच्या आधीपासून चालत आलेली फसवणूक म्हणजे एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असं लिहिलेलं तांब्याचं नाणं. एका यात्रेत मी स्वतः बाराशे रुपयांना घेतलं होतं, विकणारा म्हातारा होता, हात जोडून बोलत होता, मला खरं वाटलं. कंपनीनं असं नाणं चलनासाठी कधी पाडलंच नाही. आणि तांदळाचे दाणे आपल्याकडं ओढून घेतं असं सांगून विकतात ते नाणं, ज्याला राईस पुलर म्हणतात, तो तर सरळ दरोडा आहे, त्यात लोकांच्या जमिनी गेल्यात.

शेतात सापडलेल्या नाण्यांचं पण सांगून ठेवतो, कारण आपली जमीन तशी आहे. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहन राजांची हजारावर नाणी एका ठिकाणी सापडली, नागपूरचे इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि जे राजे नुसते पुराणातल्या यादीत होते त्यातल्या काहींची नावं नाण्यावर दिसली. तीच नाणी कोणी गुपचूप सराफाला घातली असती तर मुशीत गेली असती. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावंच लागतं, आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू धरलं जातं, त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे बाहेरच्या कुठल्या गिऱ्हाईकाला पाठवून पैसे आणू ही वाट पण बंद.

परवा रात्री पुतण्याला हे सगळं सांगितलं. मग आजीचं ते लाल फडकं काढलं, चाळीसातले उरलेले सात त्याच्यात अजून आहेत. पहिल्यांदाच आम्ही त्यांची सालं वाचली, त्यानं टॉर्च धरला, मी वहीत लिहिलं. एक १८६२ चा, दोन सातव्या एडवर्डचे १९०६ आणि १९०७ चे, तीन १९१८-१९ चे, एक १९४५ चा निम्म्या चांदीचा. दुर्मिळ एकही नाही. पुतण्यानं १८६२ चा कितीतरी वेळ हातात धरून ठेवला, कडेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "काकाजी, हा आजीच्या सासूच्याही आधीचा असन ना?" असेलच. त्याचे सोयाबीनचे पैसे त्यानं सोसायटीत भरले, उरलेले बियाण्याला ठेवलेत. आणि घरात सगळ्यांना सांगून टाकलं की यंदा लक्ष्मीपूजनाला हे सात रुपये मांडायचे, पण चिंच लावायची नाही.