बोगद्यातला बाण

नवी गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही एका लांब बोगद्यातून गेलो. आत शिरल्या शिरल्या रस्ता डावीकडे वळतो आणि मग किलोमीटरभर नाकासमोर सरळ जातो. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीच्या हातातल्या फोनवर नकाशा चालू होता आणि डॅशबोर्डच्या स्क्रीनवर गाडीचा स्वतःचा. बोगद्याच्या तोंडाशी फोनवरचा निळा ठिपका थबकला. गाडीचा बाण मात्र चालत राहिला, वळणावर आमच्याबरोबर वळला आणि बाहेर उजेडात आल्यावर जराशी पुढे उडी मारून आपल्या जागी बसला.

"बाबा, आत जीपीएस पोचत नाही ना? मग याला कसं कळलं?"

मला नीट सांगता आलं नाही. नंतरचे काही आठवडे मी त्या बाणाचा पिच्छा पुरवला आणि गाडीतल्या नेव्हिगेशनकडे बघण्याची माझी नजरच बदलली. तो बाण म्हणजे गाडीचा अंदाज असतो. आपण कुठे आहोत हे ती दर सेकंदाला अनेकदा नव्याने ताडते आणि त्यासाठी तीन-चार साक्षीदारांना विचारते. कोणत्या क्षणी कोणाचं ऐकायचं हेही तीच ठरवते. साक्षीदार ओळखीचे झाले की बाण कुठे चुकेल हे आपल्याला आधीच कळू लागतं, आणि माझ्या मते नव्या नेव्हिगेशनशी ओळख म्हणजे हीच. मेनूतली बटणं तर दोन दिवसांत पाठ होतात.

पहिला साक्षीदार आकाशात आहे. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघतो, तरी थेट डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण गाडीतलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाच्या जवळपासही जात नाही, आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अंतरांतून अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ अशा चारही गोष्टी एकदम सोडवल्या जातात.

आइन्स्टाइनचं नाव इथे घ्यावंच लागतं. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे जातं आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उरलेले ३८ मायक्रोसेकंद हिशेबात धरले नसते, तर रोज ११ किलोमीटरच्या आसपास चूक साचत गेली असती. सापेक्षतेचा सिद्धान्त इतका रोजच्या वापरात आला आहे, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

नव्या गाडीत पहिल्या दिवशी बाण जागेवर यायला वेळ लागला, तर घाबरू नये. जीपीएसचा मूळ संदेश फार सावकाश येतो, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती ३० सेकंदांत एकदा पुरी होते आणि बाकी सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. कारखान्यातून निघालेली गाडी दुसऱ्या वाहनावर लादून दूरच्या गावी उतरते, तेव्हा तिच्याकडे असलेली यादी शिळी झालेली असते. ज्या गाड्यांत सिम असतं त्या ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून पटकन उचलतात. नसेल तर पहिल्यांदा गाडी मोकळ्या आकाशाखाली दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावी. तळघरातल्या पार्किंगमध्ये उभं राहून वाट बघण्यात काही अर्थ नाही.

उपग्रहांवर सारी भिस्त ठेवणं गाडी बनवणाऱ्यांना सुरुवातीला शक्यच नव्हतं. नागरी वापरासाठीचा जीपीएस संकेत अमेरिका मुद्दाम बिघडवून देत असे. त्याने जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. मे २००० मध्ये हा बिघाड बंद झाला. त्याच्याही बऱ्याच आधी, १९८१ मध्ये, जपानमध्ये होंडाने एका गाडीत असं यंत्र बसवलं की ज्यात उपग्रह नव्हतेच. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप वळण मोजायचा, चाकं अंतर मोजायची, आणि पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा पडद्यावर सरकवायचा. १९८५ मध्ये अमेरिकेत 'ईटॅक' नावाचं यंत्र आलं. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर असत. हे नाव प्रशांत महासागरातल्या नावाड्यांच्या एका संकल्पनेवरून घेतलं होतं. ते नावाडी मनात असं धरून चालत की आपली होडी जागची हलत नाही, बेटंच मागे सरकतात. आजही आपल्या स्क्रीनवर गाडी एका जागी असते आणि नकाशा तिच्याभोवती फिरतो.

बोगद्यातल्या प्रश्नाचं उत्तर याच जुन्या यंत्रांत आहे. ब्रेक लावताना चाक अडकून गाडी घसरू नये म्हणून एबीएस असतं. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर आधीपासून बसवलेला असतो. चाकाच्या एका फेऱ्यात तो साधारण चाळीस-पन्नास टिचक्या देतो, म्हणजे गाडी चारेक सेंटिमीटर पुढे गेली की एक टिचकी. किती गेलो ते टिचक्या सांगतात. कुठे वळलो ते सांगतो जायरोस्कोप. आताचा जायरोस्कोप नखाएवढ्या चिपमध्ये मावतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो आणि गाडी वळली की ती थरथर किंचित आडवी सरकते. फिरत्या पृथ्वीवर वाऱ्यांना वळवणारा कोरिऑलिस परिणाम तो हाच. फोनमध्येही असा जायरोस्कोप असतो, पण चाकाच्या टिचक्या त्याला सहसा मिळत नाहीत.

मात्र हे दोन्ही साक्षीदार हळूहळू बहकतात. जायरोस्कोप तापमान बदललं की सरळ रस्त्यावरही बारीकसं वळण सांगू लागतो. आणि चाकाची टिचकी म्हणजे नेमके किती सेंटिमीटर, हे टायरवर अवलंबून असतं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, झिजून २ मिलिमीटरवर आल्या की त्रिज्या ६ मिलिमीटरने घटते. ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात ही घट २ टक्क्यांची झाली. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण किलोमीटरभर सरळ बोगद्यात २ टक्के म्हणजे २० मीटर, पाच गाड्या ओळीने उभ्या राहतील एवढं अंतर.

म्हणून गाडी शिकते, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. मोकळ्या रस्त्यावर उपग्रह स्वच्छ दिसत असताना ती मनाशी ताळा करत असते: उपग्रह म्हणतात इतके मीटर गेलो, चाक म्हणतं इतक्या टिचक्या झाल्या, तर एक टिचकी केवढी? सिग्नलला थांबलेली असताना ती जायरोस्कोप तपासते. गाडी हलत नाही आणि हा तरी वळण सांगतोय, म्हणजे ही याची चूक, पुढे वजा करायची. कोणत्या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा हे सतत बदलत नेणारं गणित अभियंते रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचं दिशादर्शनही त्याच गणितावर चाललं होतं. नव्या गाडीला या अभ्यासासाठी मोकळ्या रस्त्यावर काही अंतर कापावं लागतं. टायर बदलले की पुन्हा कापावं लागतं.

याच ओघात आणखी एक शंका मिटली. नेव्हिगेशनवर दिसणारा वेग स्पीडोमीटरच्या काट्यावरच्या वेगापेक्षा दोन-चार किलोमीटरनी कमी का, असं अनेक जण विचारतात. वाहनांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. टायर नवा असो की झिजलेला, नियम पाळला जावा म्हणून उत्पादक काटा थोडा चढाच ठेवतात.

शेवटचा साक्षीदार म्हणजे खुद्द नकाशा. गाडी रस्त्यावरूनच चालणार असं गृहीत धरून यंत्र आपला अंदाज जवळच्या रस्त्यावर नेऊन चिकटवतं. बोगद्यातल्या त्या वळणाने बाणाला मदतच केली: गाडी वळली त्या क्षणी नकाशातलं वळण जिथे आहे तिथेच आपण असणार. खरी पंचाईत होते ती उड्डाणपुलापाशी. वर पूल, खाली सर्व्हिस रोड, दोन्ही एकाच दिशेने जाणारे आणि एकमेकांपासून दहा मीटरवर. उपग्रहांकडून मिळणारी उंची आडव्या जागेपेक्षा मुळातच कच्ची असते, कारण पायाखालचे उपग्रह पृथ्वीआड असतात आणि सगळी मोजमापं वरूनच येतात. त्यात उंच इमारती असतील तर संकेत भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात. अशा वेळी चांगली यंत्रणा एका ठिपक्यावर निकाल देत नाही, मागची सगळी वाट जुळवून बघते. या वाटेने आलेली गाडी आता तिथे असणं कितपत संभवतं, असा तो विचार असतो. तरीही पुलाच्या फाट्यावर ती एकदा चुकली की पुढचं वळण येईपर्यंत चूक उमगायला तिला काही साधनच नसतं. आपण पुलावर, बाण खाली, आणि आवाज सांगतोय "डावीकडे वळा". अशा फाट्यावर मी रस्त्यावरच्या पाटीचंच ऐकतो.

बाण कुठे आहे हे ठरलं की वाट काढणं त्या मानाने सोपं. कमीत कमी वेळेची वाट शोधण्याची पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना वीसेक मिनिटांत सुचली आणि १९५९ मध्ये ती छापून आली. आजची यंत्रणा त्याच कल्पनेला हिशेब लवकर उरकणाऱ्या पुष्कळ युक्त्या जोडून वापरते. लांब पल्ल्यासाठी ती आधी मोठे रस्ते धरते आणि गल्लीबोळ फक्त दोन्ही टोकांना तपासते. आपल्याला ठाऊक असलेली मधली बारीक वाट तिने सुचवली नाही, तर तिला ती दिसलीच नसेल असं दर वेळी नाही. त्या रस्त्याला नकाशात जो वेग लिहिला आहे तो कमीही असू शकतो. टोल टाळा, फेरीबोट टाळा, कच्चे रस्ते टाळा या खुणा मात्र एकदा तपासून घ्याव्यात, कारण विक्रेत्याने दाखवताना काय चालू-बंद केलं ते तसंच राहिलेलं असू शकतं. आणि नकाशाची तारीख बघावी. गाडी नवी असली तरी नकाशा तिच्यापेक्षा वर्षभर जुना असू शकतो. नव्या रस्त्यावर बाण शेतातून चालताना दिसतो तो त्यामुळेच.

एका सेटिंगबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. नकाशा गाडीबरोबर फिरवायचा की उत्तर दिशा कायम वर ठेवायची? अनोळखी ठिकाणी फिरता नकाशा सोयीचा, डावं ते डावीकडेच दिसतं. पण त्यात गावाचा आकार डोक्यात बसत नाही. लंडनमधल्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो, असं २००० मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं; हजारो रस्ते पाठ करण्याशी त्याचा संबंध आहे. २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, स्वतः वाट शोधताना हिप्पोकॅम्पस नव्या रस्त्यावर शिरताच उसळी घ्यायचा, आणि यंत्राच्या सूचना पाळताना तो तसा जागा होत नव्हता. म्हणून ओळखीच्या भागात मी उत्तर वर ठेवतो आणि आवाज बंद करतो. पहिले दोन आठवडे तर मी मुद्दाम पाठ असलेल्या रस्त्यांवरच नेव्हिगेशन चालू ठेवलं. वाट मला माहीत होती, म्हणून चूक कोणाची हे लगेच कळायचं.

त्या बोगद्यातून आम्ही नंतरही जात राहिलो. मी गाडी चालवत असतो, त्यामुळे स्क्रीनवर नजर ठेवायचं काम मुलीकडे. पहिल्यांदा बाणाने बाहेर पडताना तीन गाड्यांएवढी उडी मारली होती, असा तिचा अंदाज. महिन्याभराने ती म्हणाली, "बाबा, आज उडीच नाही." टायर झिजत जातील तसं गाडी आपला हिशेब बदलत राहील, आणि मग नवे टायर घातले की पहिल्या फेरीला उडी पुन्हा दिसेल, असं मी तिला सांगितलं. कुठल्या दिशेला दिसेल, हे तिने स्वतःच काढलं. नवा टायर मोठा, म्हणून तेवढ्याच अंतरात फेरे कमी होतील. गाडीला वाटेल आपण थोडंच आलो, म्हणजे बाण मागे राहील. आणि उजेडात आला की पुढे उडी मारेल.