सुटलेलं कुत्रं गाडीखाली आलं तर चूक कुणाची? या भांडणामागचा जुना कायदा

सोसायटीच्या गेटमधून कुणाचं तरी लॅब्राडोर सुटतं, रस्त्यावर धावतं, समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसते आणि पुढच्या तासाभरात व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ड्रायव्हरवर केस टाका, मुक्या जिवाला उडवलं, दुसरी म्हणते पट्टा न बांधता सोडलंत कशाला, आता बंपरचे पैसे तुम्हीच भरा. दोन्हीकडून कलमांचे नंबर फेकले जातात आणि त्यातले निम्मे तरी या प्रकरणाला लागू होत नाहीत. कारण आपल्याकडे रस्त्यावरच्या जनावरांबद्दल जो कायदा आहे तो मुळात बैल, म्हशी, घोडे डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, घरात सोफ्यावर झोपणारं कुत्रं त्यात कुणी धरलेलंच नव्हतं. हा वाद समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे पार गाढवापर्यंत.

१८४२ साली इंग्लंडमध्ये डेव्हिस विरुद्ध मॅन नावाचा एक खटला झाला. एका माणसाने आपल्या गाढवाच्या पुढच्या पायांना पायबंद घालून त्याला रस्त्याच्या कडेला चरायला सोडलेलं. मागून तीन घोड्यांची मालगाडी उतारावरून बऱ्यापैकी वेगात आली, हाकणारा घोड्यांच्या जरा मागे होता, गाढवाला पाय बांधलेले असल्यामुळे बाजूला होता आलं नाही आणि ते चाकाखाली मेलं. गाडीवाल्याचं म्हणणं असं की रस्त्यावर गाढव सोडणं हीच मुळात मालकाची चूक, मग मी का भरू? कोर्टाने ते ऐकलं नाही. मालकाची चूक असेलही, पण जरा जपून हाकली असती तर टक्कर टळली असती, आणि टाळण्याची शेवटची संधी गाडीवाल्याच्या हातात होती. न्यायाधीश पार्क यांनी तिथे जो मुद्दा मांडला तो मला आजही बिनतोड वाटतो, की असं नसेल तर रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गाडी नेऊनही कुणी हेच कारण देईल. गाढवाच्या मालकाला ४० शिलिंग मिळाले. "शेवटची संधी कुणाकडे होती" ही कसोटी इथून पुढे अनेक वर्षं चालली, आणि नंतर तिची जागा दोघांच्या चुका मोजून नुकसान वाटून घेण्याच्या पद्धतीने घेतली, आपल्याकडचे मोटार अपघाताचे दावेही आता असेच चालतात.

म्हणजे गाडीवाला जबाबदार, हे ठरलं. पण उलट झालं तर, म्हणजे सुटलेल्या जनावरामुळे माणूसच पडला तर? इथे इंग्रजांचा कायदा अगदी विचित्र होता. १९४७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च कोर्टापुढे, म्हणजे तेव्हाच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, सर्ल विरुद्ध वॉलबँक ही केस आली. युद्धाच्या काळात रात्री सायकलवरून जाणारा माणूस रस्त्यावर आलेल्या घोड्याला धडकला. कुंपण मोडकं होतं, घोडा शेतातून बाहेर पडला होता, सगळं उघड दिसत होतं, तरी निकाल असा लागला की रस्त्याकडेच्या जमीनमालकावर जनावर रस्त्यावर येऊ नये म्हणून कुंपण राखण्याची जबाबदारीच नाही. जमीनदारांच्या काळातला नियम मोटारींच्या काळातही तसाच राहिला. शेवटी १९७१ च्या ॲनिमल्स ॲक्टने तो मोडीत काढला, आणि तेव्हापासून तिथे जनावर रस्त्यावर येऊ नये याची रास्त काळजी मालकाने घ्यायची. २००३ मध्ये तर घाबरून शेतातून पळालेले घोडे हायवेवर गाडीला धडकले तेव्हा मालकाची काही चूक नसतानाही त्याला भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे मात्र इंग्रजांनी असला लाड केला नाही. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि गावोगाव कोंडवाडे झाले. रस्त्यावर मोकाट फिरणारं जनावर पोलिसांनी किंवा रस्त्याची देखभाल करणाऱ्याने पकडायचं, चोवीस तासात कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवायचं, नाहीच आला कुणी तर लिलाव. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना कोंडवाड्याबाहेर हात जोडून उभा असलेला शेतकरी आणि ओढाळ गाईच्या गळ्यातलं लोढणं आठवत असेल. रस्त्यावर जनावर सोडलं तर आधी मालकाला धरायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. अजून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोवर अहमदाबादजवळ म्हशींना धडकली आणि तिचं नाक तुटलं, तेव्हा रेल्वे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो म्हशींच्या अज्ञात मालकांवर. म्हशी मेल्या त्यांच्याच, आणि आरोपीही तेच.

आता या १८७१ च्या कायद्यात "गुरं" म्हणजे कोण, त्याची यादी बघा. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, बकऱ्या, करडं. कुत्रं नाही. मांजर तर नाहीच नाही. चला, तो गुरांचा कायदा, कुत्रं कशाला असेल. पण मग मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३२ उघडा. त्यात अपघातानंतर गाडी थांबवण्याचं बंधन आहे, त्यात जनावराला झालेला अपघातही धरलाय, आणि शेवटी "जनावर" म्हणजे काय तेही सांगितलंय: घोडा, गुरंढोरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, बकरी. परत कुत्रं नाही! गंमत म्हणजे ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमधली अशीच यादी घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी आणि कुत्रा अशी आहे. म्हणजे आपल्या यादीत हत्ती आणि उंट आहेत, डुक्कर आणि कुत्रा नाहीत. आज ब्रिटनमध्ये कुत्र्याला गाडी लागली तर थांबणं आणि रिपोर्ट करणं सक्तीचं आहे, आपल्याकडे या कलमाखाली उंटासाठी आहे, कुत्र्यासाठी नाही. (मांजर त्यांच्याकडेही नाही, आणि त्यावरून तिथले मांजरवाले अजून सरकारशी भांडतायत.)

फौजदारी कायद्याकडे या. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याची दोन कलमं होती, ४२८ आणि ४२९. पहिल्यात दहा रुपये किंवा जास्त किमतीचं जनावर. दुसरं जास्त कडक, त्यात हत्ती, घोडा, गाय, बैल असेल तर किंमत कितीही चालेल, बाकी कुठलंही जनावर पन्नास रुपये किंवा जास्त किमतीचं हवं. १८६० मधले पन्नास रुपये म्हणजे केवढे, विचार करा. आणि ते आकडे दीडशेहून जास्त वर्षं कुणी बदलले नाहीत, १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा कलम ३२५ मध्ये किमतीची अटच गेली आणि कुठल्याही जनावरासाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आली. ही बातमी आल्यावर बरेच प्राणीप्रेमी खूश झाले, पण गाडीखाली आलेल्या कुत्र्यासाठी त्याने फारसं काही बदललं नाही, कारण हा गुन्हा "आगळीक" या प्रकारात मोडतो आणि त्यात नुकसान करायचा हेतू किंवा आपल्या करण्याने ते होणार याची जाणीव लागते. भरधाव चालवणं वेगळं आणि मुद्दाम अंगावर घालणं वेगळं.

मग भरधाव चालवण्याचं कलम? ते २७९, आता २८१. पोलीस स्टेशनात सर्वात आधी हेच लावलं जातं. पण त्यात शब्द आहेत मानवी जीव धोक्यात येईल असं किंवा दुसऱ्या व्यक्तीला इजा होईल असं चालवणं. २०२२ मध्ये हा प्रश्न दोन हायकोर्टांपुढे थोड्याच महिन्यांच्या अंतराने आला. कर्नाटकात २०१८ मध्ये एका एसयूव्हीखाली पाळीव कुत्रं मेलं होतं, तिथे न्यायमूर्ती नागप्रसन्ना यांनी ऑक्टोबरमध्ये केस रद्द केली, म्हणाले २७९ माणसांसाठी आहे, अपघातानंतर थांबून मदत करायचं मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ पण माणसांसाठीच, आणि हेतू नसेल तर ४२८-४२९ पण लागत नाही.

मुंबईचं प्रकरण जास्त बोलकं आहे. एप्रिल २०२०, लॉकडाऊन, मरीन ड्राइव्ह. जेवणाची डिलिव्हरी करणारा एक विद्यार्थी, समोर भटकं कुत्रं आलं, धडक बसली, कुत्रं मेलं आणि बाईक घसरून हा पोरगा पण पडला, लागलं त्याला. कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या एकाने तक्रार केली आणि पोलिसांनी २७९, ३३७, ४२९ असं सगळं लावून चार्जशीटपर्यंत नेलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी गुन्हा रद्द केला. मालकाला कुत्रं-मांजर पोटच्या पोरासारखं असेल, पण ते माणूस नाही हे साधं जीवशास्त्र आहे, असं म्हटलं. वर सरकारला त्या मुलाला २० हजार द्यायला लावले, तेही संबंधित पोलिसांच्या पगारातून वसूल करून. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण फिर्यादीच्या रागाला घाबरून कलमं चिकटवायची सवय त्यामुळे थोडी तरी मोडेल.

आणि मालकावर काय? त्याच्यासाठी जुनं २८९, नवीन २९१, जनावराबाबत हयगय, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, दंडाची कमाल मर्यादा हजाराची पाच हजार झाली. पण नीट वाचलं तर इथेही माणूसच आहे, जनावरामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची शक्यता असेल तरच. म्हणजे तुमचं सुटलेलं कुत्रं स्कूटीसमोर आलं आणि चालवणारी बाई पडून हात मोडला तर तुमच्यावर हे कलम येऊ शकतं. कुत्रं नुसतंच मेलं, गाडीवाल्याला काही झालं नाही, तर फौजदारी कायदा बहुतेक वेळा दोघांकडेही बघत नाही.

उरतो पैशांचा हिशोब, आणि तिथे ते १८४२ चं गाढव परत कामाला येतं. कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रं ही मालकाची मालमत्ता, ऐकायला कितीही वाईट वाटलं तरी. त्यामुळे गाडी बेदरकार असेल तर व्हेटच्या बिलासाठी दावा लावता येतो, तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येतं, थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये खासगी कारसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीसाठी एक लाखापर्यंत मालमत्तेचं कव्हर असतं, फक्त प्रीमियम वाचवायला ज्यांनी ते सहा हजारांवर आणलंय त्यांनी पॉलिसी एकदा काढून बघावी. पण लगेच समोरचा विचारणार, पट्टा कुठे होता, गेट कुणी उघडं ठेवलं. तिथे तुमची भरपाई कापली जाते, आणि बंपरचा खर्च त्याने तुमच्यावर उलटा लावला तर तोही ऐकून घेतला जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर वस्तीतल्या रस्त्यावर सुटं कुत्रं असेल तर मोठा वाटा मालकाचाच धरायला हवा, मात्र ३० च्या जागी ६० ने जाणाऱ्याला ते ढाल म्हणून वापरता येऊ नये.

भटक्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळ्या वाटेने चाललाय. तिथे मालकच नसल्याने बोट सरकारकडे वळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने मोकाट जनावरांमुळे झालेल्या अपघातांची आणि कुत्रं चावल्याची भरपाई द्यायची प्राथमिक जबाबदारी राज्याची ठरवली, जिल्हा पातळीवर समित्या नेमायला सांगितल्या, राज्याला ती रक्कम नंतर चूक असलेल्या खात्याकडून किंवा जनावर सोडणाऱ्याकडून वसूल करता येईल असंही म्हटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेवरची मोकाट गुरं उचलायचे आदेश देशभर दिले, गस्ती पथकं नेमायची, गुरं गोशाळेत नेऊन ठेवायची. कोंडवाड्याचंच काम हे, फक्त आता डांबरी चौपदरी रस्त्यावर. पाळीव कुत्र्याबद्दल मात्र त्या कलम १३२ च्या यादीत अजून काहीच बदल झालेला नाही.