हळद, साबण आणि ओढणीचा पट्टा

मुंबईहून नाशिकला येणारी गाडी कसारा घाटात साधारण 300 मीटर वर चढते. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशोब मांडून बघा. माणसं-सामान धरून बाराशे किलोची गाडी तेवढी उचलायला सुमारे 35 लाख ज्यूल ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा जेमतेम 110 मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते. गोम अशी की जाळलेल्या पेट्रोलपैकी पाव हिश्शाचंच इंजिन काम करून देतं. म्हणजे नुसत्या चढाला चार-साडेचारशे मिलिलिटर पेट्रोल जळतं. उरलेल्या उष्णतेतली निम्मी सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि निम्मी, म्हणजे 50 लाख ज्यूलच्या आसपास, इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या गळ्यात पडते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटरहून जास्त उकळत्या पाण्याची वाफ होते. एप्रिल-मे महिन्यात घाटाच्या वरच्या वळणांवर बॉनेट उघडून ताटकळणाऱ्या गाड्या दिसतात त्या या हिशोबामुळे.

अशा वेळी कुठून तरी एखादा फिटर येतो, फुटलेल्या पाईपवर टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, तार पिळतो आणि म्हणतो, "जा आता हळूहळू, पोहोचाल नाशिकला." लोकांना पट्टीचं कौतुक वाटतं. माझ्या मते खरी दुरुस्ती त्या "हळूहळू"मध्ये असते. फाटलेला भाग आधीसारखा मजबूत होत नाहीच. त्याच्यावरचा दाब, उष्णता किंवा ताण आधी उतरवायचा, मग जे उरतं ते चिंधीलाही पेलवतं. रस्त्याच्या कडेच्या बहुतेक जुगाडांना ही कसोटी लावून बघता येते.

इंजिन आणि रेडिएटरमध्ये पाणी नेणाऱ्या रबरी होज पाईपचंच घ्या. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाएवढा, जास्त ठेवतं, त्यामुळे पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. इगतपुरीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांनाच उकळतं. आता 32 मिलिमीटर व्यासाच्या होजला हा एक बार दाब उभा फाडायला बघतो तो दर सेंटिमीटर लांबीला सव्वातीन किलो वजनाच्या जोराने. चार सेंटिमीटरची चीर असेल तर तेरा किलो झाले. ट्यूबची पट्टी ताणून, अर्धी-अर्धी एकावर एक चढवत गुंडाळली तर प्रत्येक थर खालच्याला आवळतो आणि थोडाफार जोर पेलतो. पण इंजिन गार झाल्यावर झाकण फक्त पहिल्या खाचेपर्यंत सैल ठेवलं की दाब चढतच नाही. तो तेरा किलोंचा जोर जवळपास शून्यावर येतो आणि पट्टीला फक्त थेंब अडवायचे उरतात. बदल्यात पाणी आता 98 अंशांनाच उकळणार, म्हणून चढ टाळायचा, वेग कमी ठेवायचा आणि अधूनमधून पाणी घालायचं.

होज बहुधा क्लिपच्या शेजारी फुटतो, कारण तिथे रबर रोज दाबलं जातं आणि कडक होतं. अशा वेळी पट्टी गुंडाळत बसू नये. फुटलेलं दोन सेंटिमीटरचं टोक धारदार पात्याने सरळ कापावं, होज पुढे ओढून तो जिथे बसतो त्या तोटीवर चढवावा आणि क्लिप तोटीच्या फुगवट्याच्या आतल्या बाजूला येईल अशी आवळावी. फुगवट्यावर क्लिप बसवली की पहिल्या खड्ड्यात होज निसटतो. हीटरच्या बारीक होजला दिंडोरी-निफाडकडे हमखास सुचणारा पर्याय म्हणजे ठिबकची 16 मिलिमीटरची नळी. मापात बसते, बागेत पडलेली असते, मोह होतोच. पण ती पॉलिथिनची असते आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, 90 अंशांत लुसलुशीत होते. त्यापेक्षा हीटरकडे जाणारी आणि येणारी नळी एकमेकींना जोडून हीटर वळशातून काढून टाकलेला बरा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे सगळे सांगतात. का, ते आकड्यात बघू. आत 115 अंशांचं पाच लिटर पाणी आहे. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याला 98 वर यावं लागतं आणि जादा उष्णता त्यातल्या तीन टक्के पाण्याची एका क्षणात वाफ करते. तीन टक्के म्हणजे दीडशे ग्रॅम, पण त्याची वाफ होते अडीचशे लिटर. ती उरलेलं पाणी सोबत घेऊन थेट तोंडावर येते. अर्धा तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकू शकतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेड आणि खालचा बिडाचा ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर, म्हणजे सीलवर, आधीच ओढाताण असते.

काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी संपून तिथे हवा-वाफ राहिली की काटा खाली येऊ शकतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, चला, गाडी निवली. इंजिन त्याच वेळी भाजत असतं.

आता हळद. रेडिएटरला बारीक गळती असेल तर जुने फिटर चमचाभर हळद टाकायला सांगायचे, आणि ती खरोखर चालायची. हळदीत निम्म्याहून जास्त भाग कर्बोदकांचा असतो, त्यात स्टार्च भरपूर. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. गळतीच्या छिद्रातून पाणी बाहेर पडून सुकतं, खळ आणि हळदीचे तंतू मात्र तिथेच अडकतात, आणि थोड्या वेळात बूच बसतं. ज्या कर्क्युमिनच्या नावाने हळद जगभर विकली जाते त्याचा यात काडीचा हात नाही. अंड्याचा पांढरा बलकही याच कामाला वापरतात. त्यातली प्रथिनं साठ अंशांच्या पुढे गोठायला लागतात आणि ऐंशीला घट्ट होतात. पण हे सगळं तांब्या-पितळेच्या जुन्या, रुंद नळ्यांच्या रेडिएटरला शोभायचं. आताच्या अॅल्युमिनियम रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची आतली फट एक-दोन मिलिमीटरची असते. हळदीला गळतीचं छिद्र कुठलं आणि पाण्याची वाट कुठली हे कळत नाही, ती दोन्ही बुजवते. बहुधा पहिला बळी हीटरचा. नव्या गाडीत हळद घालू नये, साधं पाणी भरत भरत यावं, आणि घरी आल्यावर सगळं काढून नीट कूलंट भरावं. बोअरचं पाणी तर मुळीच आत राहू देऊ नये, त्यातला क्षार नळ्यांत थर धरतो.

घाटात काटा चढू लागला की हीटर पूर्ण चालू करा, पंखा जोरात. मे महिन्यात हा सल्ला ऐकून शेजारी बसलेला माणूस शिव्या देईल. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनमधली काही किलोवॅट उष्णता केबिनमध्ये ओततो. खिडक्या उघड्या ठेवा आणि सहन करा. कूलंट पुरेसं असेल तरच याचा उपयोग, तेही लक्षात असू द्या.

फॅनबेल्ट, म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा, तुटल्यावर ओढणी किंवा साडीचा पदर पिळून पट्टा करण्याची गोष्ट अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीपच्या काळातली आहे. ती थाप नव्हे, मात्र अर्धीच सांगितली जाते. पुलीवर पट्टा घसरत नाही तो घर्षणामुळे, आणि हे घर्षण किती ताण पेलेल याचं सूत्र ऑयलरच्या नावाने ओळखलं जातं. सपाट पुलीभोवती पट्ट्याचा अर्धा वळसा असेल आणि घर्षणांक 0.3 असेल, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या अडीचपट होईपर्यंत पट्टा धरून राहतो. पुलीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर पट्टा पाचरीसारखा तिच्यात रुततो, घर्षण तिप्पट झाल्यासारखं वागतं आणि अडीचचे होतात सतरा! कारण सूत्रात घर्षण घातांकात बसलेलं आहे. पिळलेली ओढणी खाचेत अशीच रुतते. पण सांगायची राहून जाणारी अर्धी गोष्ट पुढे आहे. जाणता फिटर ती ओढणी डायनामोच्या पुलीवरून घ्यायचाच नाही. क्रँक आणि वॉटर पंप, एवढ्या दोनच पुल्यांवर चढवायचा. वीज तयार करण्याचं ओझं गेलं, राहिलं पाणी फिरवणं, आणि तेवढं ओढणीला जमायचं. तेही गाठ झिजेपर्यंत.

आजच्या गाडीत सहा बारीक खाचांचा लांबलचक पट्टा असतो. त्याच्या आवळणाऱ्या पुलीखालून गाठ जायची नाही. तिथे ओढणी विसरा आणि वॉटर पंप कुणावर फिरतो ते पाहा. बऱ्याच इंजिनांत तो टायमिंगच्या पट्ट्यावर किंवा साखळीवर असतो. तसं असेल तर बाहेरचा पट्टा तुटल्याने मुख्यतः चार्जिंग गेलं, गाडी चालू शकते. पंप याच पट्ट्यावर असेल तर किल्ली काढा आणि टोइंगला फोन करा.

चार्जिंग नसताना किती जाता येतं? छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. जुनी असेल तर त्यातले निम्मे भरवशाचे. पेट्रोल पंप, स्पार्क, इंजेक्टर आणि कॉम्प्युटर मिळून दिवसा दहा-बारा अँपिअर खातात, म्हणजे हातात दीड तास. इगतपुरी ते नाशिक 45 किलोमीटर, उजेडात आरामात जमतं. रात्री हॅलोजन हेडलाइटचे आणखी नऊ अँपिअर जोडले की पाऊण-एक तास उरतो, आणि नाशिकच्या अलीकडे, विल्होळीच्या आसपास गाडी डोळे मिटायला लागते. एसी, ब्लोअर, गाणी, खिडक्यांची बटणं, सगळं बंद. मधे इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा चालू करताना स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. जुन्या डिझेल जीपला मात्र यातली कसलीच फिकीर नसते. तिचा फ्युएल पंप दात्यांवर फिरतो, डिझेल दाबाने पेटतं, वीज लागलीच तर इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडपुरती, म्हणजे विजेवरच्या झडपेपुरती. असल्या इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर आपल्या नाशिकमधल्या सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या बनत आले. गावात मायको सर्कल आहे ते उगाच नाही.

डिझेलच्या टाकीला दगड लागून बारीक छिद्र पडलं की ट्रकवाले कपड्यांचा साबण घासून, दाबून बसवतात. साबण हा मेदाम्लांचा सोडियमचा क्षार आहे. पाण्याच्या रेणूंवर धन-ऋण टोकं असतात, ते सोडियमला ओढून वेगळं करतात आणि साबण विरघळतो. डिझेलच्या रेणूंना अशी टोकं नाहीत, ते साबणाला हात लावू शकत नाहीत. त्यामुळे आतून डिझेल कितीही ढुशा देऊ दे, बूच टिकतं. बाहेरून पाऊस लागला तर मात्र धुऊन जातं, म्हणून श्रावणात पेठ रोडला साबणावर विसंबू नये. पेट्रोलच्या टाकीला मी हा प्रयोग करणार नाही. रसायन तेच लागू पडतं, पण पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. तिथे गाडीपासून लांब उभं राहावं.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत उन्हाळ्यात फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचे. पंपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा. आपल्याकडे एप्रिलची हवा कोरडी, फडकं झपाट्याने सुकतं आणि सुकताना पंपाची उष्णता घेऊन जातं. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल तीन-चार बार दाबाखाली असतं, त्यामुळे हा रोग जवळपास गेला. अॅक्सिलरेटरची केबल तुटली तर कांद्याच्या गोणीची सुतळी थ्रॉटलला बांधून खिडकीतून ओढत आलेले लोक आहेत. सायलेन्सर लोंबकळला तर सुतळी जळेल, तिथे द्राक्षाच्या मांडवाची तार.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणं हा सगळ्यात वाईट जुगाड. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दहा अँपिअरच्या वाटेने तीस गेले की नऊपट उष्णता, आणि मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर वितळते. रेडिओचा किंवा सिगारेट लायटरचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज काढून लावा.

ब्रेक आणि स्टीअरिंगला मात्र हात लावायचा नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर नळीत ऐंशी-शंभर बार दाब चढतो, रेडिएटरच्या शंभरपट. शिवाय हा दाब आधी उतरवून ठेवता येत नाही, समोर म्हैस आली की तो लागतोच. त्यापेक्षा त्रिकोण पन्नासेक मीटर मागे लावा, कठड्याच्या पलीकडे उभे राहा आणि महामार्गावर असाल तर 1033 फिरवा.

गंमत म्हणजे आजची गाडी अर्धा जुगाड स्वतःच करते. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटर एक ठरावीक आकडा गृहीत धरतो, रेडिएटरचा पंखा सतत फिरवत ठेवतो आणि काही गाड्यांत वेगही मर्यादेत ठेवतो. फिटरचं "जा हळूहळू" त्याने लिहूनच घेतलंय.

इलेक्ट्रिक गाडीत ही सोय कमी. तिची मोटरने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर उलटी फिरून जनरेटर बनते आणि इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान करू शकते, म्हणून ती बहुतेक वेळा चारही चाकं उचलून न्यावी लागते. पण तिच्यातही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, आणि तिथे शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावली की बहुतेक वेळा काम होतं. फक्त कुठली बॅटरी आणि कुठे चिमटा लावायचा, ते आधी पुस्तिकेत पाहून घ्या.