अभय योजना (मिळकतकर, सोलापूर)

थकलेला मिळकतकर ठरावीक मुदतीत एकरकमी भरणाऱ्याला त्यावर चढलेली शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, पूर्ण किंवा अंशतः माफ करण्याची महापालिकांची पद्धत. मूळ कर माफ होत नाही, फक्त शास्ती सुटते. राज्यातल्या बहुतेक महापालिकांप्रमाणे सोलापुरातही ही योजना पुन्हापुन्हा आली आहे. शहरात तिच्याबद्दल दोन वाक्ये कायम ऐकू येतात. थकबाकीदार विचारतो, ‘यंदा कधी निघणार?’ वेळेवर भरणारा म्हणतो, ‘भरणारा खुळा.’ काटकसरीच्या आणि शिस्तीच्या कारभाराचा आग्रह धरणाऱ्यांचा या योजनेवरचा आक्षेप या दुसऱ्या वाक्यातूनच निघतो.

सोलापुरात नगरपालिका आली ती 1850 च्या दशकात, आणि 1 मे 1964 रोजी तिची महानगरपालिका झाली. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या इंद्रभुवन या वास्तूत तिचा कारभार चालतो. जकात होती तोवर नाक्यावर रोज रोकड जमायची आणि मिळकतकर थकला तरी गाडा चालायचा. पुढे जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला. आता त्या गेलेल्या उत्पन्नाची नुकसानभरपाई राज्य सरकारकडून हप्त्याहप्त्याने येते. नगरसेवकाने ज्याचा हिशेब थेट आपल्या मतदाराला द्यावा, असा मोठा कर म्हणून मिळकतकरच उरला. तोही माफीवर चालू लागला की महापालिकेचे तोंड मतदाराऐवजी मंत्रालयाकडे वळते. स्थानिक स्वराज्यातला ‘स्व’ तिथेच पातळ होतो.

करआकारणीचा पाया महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 आहे. कर दोन सहामाह्यांत आगाऊ देय असतो, 1 एप्रिलला आणि 1 ऑक्टोबरला. बिल, मग मागणीची नोटीस, त्यानंतरही पैसे आले नाहीत तर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24 टक्के. कायद्याने पुढे जप्ती आणि लिलावही करता येतो. प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायला कोणी सहसा पुढे येत नाही. नळ तोडला तर मालकापेक्षा भाडेकरूच आधी तहानेला पडतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की मार्चअखेरपर्यंतचे दिवस वसुलीचे, आणि अभय योजनेचा प्रस्तावही बहुधा याच दिवसांत डोके वर काढतो.

प्रशासन पेठनिहाय थकबाकीची यादी काढते, कोणत्या तारखेपर्यंतची शास्ती धरायची हे ठरवते आणि सवलतीचे टप्पे सुचवते. पहिल्या पंधरवड्यात भरणाऱ्याला जास्त सूट, पुढच्यात कमी. प्रस्ताव बहुधा नगरसेवकांच्या सभागृहापुढे मंजुरीला जातो. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. माफी द्यायची की नाही यावर उघड सभेत भांडण होणे हीच तिच्यावरची खरी तपासणी, आणि त्या काळात तीच नव्हती.

आक्षेपाचे गणित एका काल्पनिक घरावर मांडता येते. वर्षाचा कर 6,000 रुपये आणि चार वर्षे थकलेला. सोपेपणासाठी शास्ती त्या त्या वर्षाच्या अखेरीपासून धरू. पहिल्या वर्षाच्या करावर 36 महिन्यांचे 4,320, दुसऱ्यावर 2,880, तिसऱ्यावर 1,440, चौथ्यावर काही नाही. मूळ कर 24,000 आणि शास्ती 8,640. योजनेत 80 टक्के शास्ती माफ झाली तर मूळ करासोबत शास्तीचे फक्त 1,728 भरून प्रकरण मिटते. हेच पैसे दरवर्षी 7 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते, तर सरळव्याजाने 2,520 रुपये हाती आले असते. थकवणारा 792 रुपयांनी फायद्यात! सूट साधारण 71 टक्क्यांच्या वर गेली की या दराच्या ठेवीपुढे कर थकवणे किफायतशीर ठरते. ज्याला एरवी 12 टक्क्यांनी कर्ज काढावे लागते, त्या छोट्या यंत्रमागधारकाला तर 50 टक्क्यांच्या वरची कोणतीही सूट परवडते. महापालिका ही मग शहरातली सर्वात स्वस्त, तारण न मागणारी सावकार होते.

थकबाकीदार सगळेच बुडवे नसतात, हेही इथे नोंदवले पाहिजे. पूर्व भागात टॉवेल-चादरीचा धंदा मंदावला की कर मागे पडतो. 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी, सोरेगाव या भागांतून, आधी ड्रेनेज आणि रस्ते द्या, मग बिल द्या, अशी तक्रार येत राहते. उजनीसारखे धरण उशाला असून नळाला काही दिवसांआड पाणी, तेव्हा ती निराधार म्हणता येत नाही. शिवाय बरीचशी थकबाकी नुसती कागदावर असते: एकाच मिळकतीची दोनदा नोंद, मयत मालकाच्या नावावरच चाललेले बिल, पाडलेल्या खोल्यांची जुनी आकारणी. ही थकबाकी माफीने साफ होत नाही, रजिस्टर दुरुस्त केल्याने होते. पण दुरुस्तीचे काम किचकट, त्याचे श्रेयही कोणाला मिळत नाही, म्हणून ते मागे राहते.

शिस्तीच्या बाजूने सुचवला जाणारा पर्याय कडक वसुलीचा नव्हे. वर्षाला 24 टक्के हा दरच असा आहे की तो माफ करावाच लागतो. तो बँकेच्या कर्जदरापेक्षा थोडाच जास्त ठेवावा आणि मग एक रुपयाही सोडू नये. लवकर भरणाऱ्याची सूट मात्र दरवर्षी, न चुकता, बिलावरच छापावी. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानाला मिळकतकराचे किमान दर आणि राज्याच्या सकल उत्पादनवाढीच्या गतीने वाढणारी वसुली अशा अटी घातल्या होत्या.

योजनेत भरणाऱ्याची फसगत बहुधा तीन ठिकाणी होते. अर्धीच रक्कम भरली तर सवलत मिळत नाही. शेवटच्या दिवशी दिलेला धनादेश वटला नाही तर सवलत रद्द होऊन शास्ती जशीच्या तशी परत येते. तिसरी गोम पावतीत. माफ झालेली रक्कम ‘सूट’ म्हणून खात्यावर जमा दिसली नाही, तर पुढच्या एप्रिलच्या बिलात तीच शास्ती मागील बाकीच्या रकान्यात उगवते. तेव्हा पावतीवर मिळकत क्रमांक, मूळ कर, भरलेली शास्ती आणि सूट हे चारही आकडे खिडकीवरच ताडून घ्यावेत आणि ‘बाकी शून्य’ दाखवणारा खातेउतारा त्याच आठवड्यात काढून ठेवावा. बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्याचा असतो, महापालिका तो फक्त गोळा करते. त्यामुळे त्याची ओळ वेगळी तपासावी.