सायकलवरचा दिवा कधी उतरला? सोलापूरच्या रस्त्यांची पार्श्वभूमी

गिरण्यांच्या भोंग्यावर सोलापूर चालत होतं, तेव्हा पाळी सुटली की रस्ता सायकलींनीच भरून जाई. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, सगळीकडचे कामगार अंधारातही सायकलवरच. घोळक्यातला सायकलस्वार नजरेतून सहसा सुटत नाही, आणि तेव्हा रस्त्यावर वेगाची वाहनंही मोजकीच होती. तरीसुद्धा रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवत, चाकातली हवा सोडत. आधी रॉकेलचा दिवा होता, मग टायरला टेकलेल्या चाकीवर फिरून वीज देणारा डायनॅमो आला.

हा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ मागच्या लाल दिव्याला. परतीची तार नसे, ते काम सायकलची फ्रेमच करी. क्लॅम्पचा टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला टेकला नाही, किंवा तिथे गंज धरला, की दिवा लुकलुके. पावसात टायरवरून चाकी घसरे. बिघाडाची खरी गोम मात्र मागच्या बल्बात होती. डायनॅमोचा प्रवाह साधारण अर्ध्या अँपिअरवर टिकून राहतो, त्यामुळे मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचा प्रवाहही पुढच्या बल्बात शिरे, आणि पहिल्याच उतारावर तोही जाई. शिवाय चौकात सायकल थांबली की दोन्ही दिवे बंद. म्हणजे मागून गाडी येत असताना, नेमक्या गरजेच्या वेळी, अंधार.

काळ्या रोडस्टर सायकलीच्या मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा असे, तो निव्वळ शोभेचा नव्हता. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मागून सायकल दिसावी म्हणून तो सक्तीचा झाला होता, आणि त्या नमुन्याच्या सायकलींबरोबर आपल्याकडेही आला. पुढे गिअरच्या, आखूड मडगार्डच्या सायकली आल्या. पट्टा गेला, डायनॅमोही गेला. दिवा काढून टाका असं कुणी ठरवलं नव्हतं. तो नुसता सुटत गेला, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

त्याच्या जागी राहिला रिफ्लेक्टर. अमेरिकेत १९७० च्या दशकात नव्या सायकलींवर पुढे, मागे, पॅडलवर आणि चाकांवर रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. भारतात रिफ्लेक्टरच्या दर्जासाठीचा केंद्राचा आदेश २०२० सालचा. रिफ्लेक्टरमध्ये घनाच्या कोपऱ्यासारखे बारीक खड्डे असतात आणि ते उजेड आला तिकडेच परत धाडतात. पण त्यासाठी त्यांच्या मागे हवा कोंडलेली लागते. तडा जाऊन आत पाणी शिरलं की चकाकी जवळपास संपते, बाहेरून मात्र तो धडधाकट लाल दिसत राहतो. अक्कलकोट रोडची धूळ आठवड्याभरात त्यावर थर धरते. आणि गाडीचा हेडलाइट त्याच्यावर पडत नसेल, उदाहरणार्थ गाडी बाजूच्या गल्लीतून येत असेल, तर त्याचा काहीच उपयोग नाही. आऱ्यांतला रिफ्लेक्टर फक्त बाजूने दिसतो. मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसतच नाही.

इकडे रस्ता बदलला. पुणे रोड चौपदरी झाला. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला उमगायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला साधारण ३५ लागतात. एकूण सत्तरच्या आसपास. डिपरवर गडद कपड्यांतला माणूस ओळखू येतो तो जेमतेम ३०-४० मीटरवर. समोरून कुणी अप्पर मारला तर तेवढाही नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालू राहू लागले. त्या उजेडांच्या गर्दीत बिनदिव्याची सायकल आणखीनच मागे पडली.

उपाय स्वस्त झाला तो एलईडीमुळे. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये वर्षभर सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलींचे दिवे दिवसरात्र चालू राहत, त्यांचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. दुसरा धागा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांचा. १९७३ साली त्यांनी दाखवलं की अंधारात नुसत्या सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले तरी डोळा चटकन माणूस ओळखतो. म्हणून पॅडलवरचे रिफ्लेक्टर आणि घोट्याला बांधलेली चमकती पट्टी पाठीवरच्या जाकिटापेक्षा लवकर 'इथे माणूस आहे' हे सांगतात. फ्लोरोसंट पिवळा रंग सूर्याच्या अतिनील किरणांवर उजळतो, त्यामुळे तो दिवसाचा आणि संध्याकाळचा. रात्री त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

चादरींचा गठ्ठा किंवा दुधाचे कॅन नेणाऱ्यांनी मागचा दिवा सीटखाली लावू नये. तो मालाआड जातो. मडगार्डवर खाली लावावा, काच सरळ मागे रोखलेली, जमिनीकडे झुकलेली नको. गठ्ठा त्याहून मागे येत असेल तर दुसरा दिवा गठ्ठ्यालाच बांधावा. ऊस हंगामात कडेला उभी ट्रॉली ओलांडताना सायकल एकदम गाडीच्या वाटेत येते. तिथे वीसेक मीटर आधीच मागे पाहून, हात दाखवून, हळूहळू उजवीकडे सरकायचं.