माल आला, माणसं धाडा!

रावेर-यावलकडे केळीची कापणी जोरात असली की मुकादमाच्या कानाचा फोन सुटत नाही. "भाऊ, माल खूप येऊ राहिला, अजून चार माणसं धाडा!" ट्रॅक्टर रिकामा होण्याआधीच सगळीकडे वर्दी गेलेली असते.

पेशीतही अशी वर्दी जाते. बाहेर पाठवायची प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, घडतात. तिथून ती गॉल्गी संकुलात येतात, त्यांना साखरेचे रेणू चिकटतात आणि बारीक पुटिकांतून ती बाहेर पडतात. शाळेत आपण एवढंच शिकलो: सरळ एकेरी रस्ता. पण मालाबरोबर जालिकेतली काही कामगार प्रथिनंही चुकून गॉल्गीपर्यंत येतात. त्यांना पकडून परत पाठवणारा एक ग्राही तिथे असतो, त्याचं नाव केडीईएल ग्राही. हा नुसता पकडत नाही, मालाची आवक वाढल्याचा इशाराही देतो. 2008 साली दिसलं की त्या इशाऱ्याने 'सार्क' (Src) नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि वाहतूक वेग घेते.

सार्क! कर्करोगाच्या अभ्यासात या नावाला मोठा इतिहास आहे. 1911 मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ झाली. अर्कात विषाणू होता. त्याचं गाठ करणारं जनुक मुळात निरोगी कोंबडीचंच, हे बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने 1976 मध्ये दाखवलं. ते जनुक याच सार्क विकराचं. म्हणजे बदनाम झालेला हा गडी घरचाच, आणि गॉल्गीत इमानाने राबणारा.

तो बेताल झाला की काय होतं? साखर चिकटवणारी काही विकरं गॉल्गी सोडून मागे जालिकेत जाऊन बसतात आणि प्रथिनांवर भलतीच साखर चढते. आसपासची ऊती कापत वाट काढणाऱ्या एका विकरालाही ती मिळते, आणि त्याची धार वाढते. स्तनाच्या आणि यकृताच्या गाठींत हा प्रकार आढळला आहे. कर्करोग म्हणजे बेसुमार वाढ असं आपण धरून चालतो, पण गाठ पसरण्यात पेशीच्या या पॅकिंगचाही हात असतो.

मल्टिपल मायलोमात, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगात, मात्र प्रथिनांचा हाच कारखाना पेशीचा कमकुवत दुवा ठरतो. या पेशी अँटिबॉडीसारखी प्रथिनं सतत बनवतात, त्यामुळे नासका माल, म्हणजे नीट न घडलेली प्रथिनंही, ढीगभर निघतो. 2003 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बोर्टेझोमिब हे औषध हा माल मोडीत काढणारी यंत्रणाच अडवतं. मग जालिका तुंबते, संकटाचे इशारे सुटतात, आणि तुंबलेलं निस्तरलं नाही तर तेच इशारे पेशीला मरायला लावतात.